घरातल्या प्रिंटरला, कॉम्प्युटरला कायमचा पत्ता : राऊटरमधून आयपी राखून ठेवण्याची रीत

प्रिंटर चालू आहे, त्याच्यावरचा वायफायचा दिवा स्थिर आहे, मोबाइलवर इंटरनेट व्यवस्थित चालतंय, आणि लॅपटॉप मात्र सांगतोय की प्रिंटर ऑफलाइन आहे. वीज जाऊन आली की अनेक घरांत हे होतं. मग कोणी प्रिंटर काढून पुन्हा जोडतं, कोणी ड्रायव्हर नव्याने टाकतं, कोणी दुरुस्तीवाल्याला फोन लावतं. बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. त्याचा आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) बदललेला असतो, आणि लॅपटॉप त्याला जुन्याच अ‍ॅड्रेसवर शोधत असतो.

यावर पक्का इलाज आहे, फुकट आहे, आणि तो तुमच्या घरच्या राऊटरमध्ये आधीपासूनच आहे. नेटवर्किंग शिकलेलं असण्याची गरज नाही. एका निवांत दुपारी, घरात कोणाची ऑनलाइन मीटिंग किंवा परीक्षा नसताना हे करायला घ्या.

पत्ता बदलतो कशामुळे

घरातलं प्रत्येक यंत्र वायफायला जोडलं गेलं की राऊटरकडे पत्ता मागतं. राऊटर आपल्याकडच्या मोकळ्या आकड्यांतला एक देतो, पण तो मालकीचा नसतो, ठरावीक मुदतीच्या भाड्याने असतो. या पद्धतीचं नाव डीएचसीपी, आणि त्या मुदतीला म्हणतात लीज. मुदत दोन तासांची असू शकते, एक दिवसाची असू शकते. राऊटरच्या कंपनीवर ते अवलंबून आहे. मुदत निम्मी संपली की यंत्र स्वतःहून ती वाढवून मागतं, म्हणून सतत चालू असलेल्या यंत्राचा पत्ता सहसा टिकतो. गडबड होते ती यंत्र बराच वेळ बंद राहिलं किंवा राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की. अनेक घरगुती राऊटर कोणाला कोणता पत्ता दिला होता ही यादी वीज गेल्यावर विसरतात. मग वीज आल्यावर जो आधी मागेल त्याला आधी, अशी नवी वाटणी होते. काल प्रिंटरकडे असलेला आकडा आज टीव्हीकडे गेलेला असतो.

डीएचसीपीचं आज वापरात असलेलं मानक १९९७ सालचं आहे, आणि त्यातच पत्ता देण्याचे तीन प्रकार सांगितलेले आहेत. एक मुदतीचा, दुसरा एकदा दिला की कायमचा, आणि तिसरा माणसाने आधीच ठरवून ठेवलेला. आपल्याला तिसरा प्रकार वापरायचा आहे. यात यंत्र पूर्वीसारखंच राऊटरकडे पत्ता मागतं, पण राऊटरने त्याच्या नावावर एक आकडा राखून ठेवलेला असतो आणि दरवेळी तोच देतो. एसटीच्या आरक्षणासारखं समजा: गाडीत चढताना तिकीट दाखवावंच लागतं, पण सीट ठरलेली असते.

यंत्रात ठरवू नका, राऊटरमध्ये ठरवा

दुसराही एक मार्ग आहे आणि बरेच जण तोच सांगतात: कॉम्प्युटरच्या किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने भरून टाकायचा. चालतं तेही, पण घरासाठी मला ते अजिबात पटत नाही. तसं केलं की यंत्र राऊटरला विचारायचंच थांबतं, आणि राऊटरला त्या पत्त्याची खबर नसते. तो तोच आकडा खुशाल दुसऱ्या कोणाला देतो, आणि दोघांची टक्कर होऊन दोघंही अधूनमधून बंद पडतात. असा दोष शोधणं फार कटकटीचं असतं. शिवाय लॅपटॉपमध्ये पत्ता पक्का केला आणि तो ऑफिसमध्ये, कॉलेजात किंवा गावच्या घरी नेला, की तिथे इंटरनेट लागत नाही, कारण तिथल्या आकड्यांची मालिका वेगळी असते. राऊटरमध्ये आरक्षण केलं की लॅपटॉपला काहीच माहीत असावं लागत नाही. घरी आला की घरचा पत्ता, बाहेर गेला की बाहेरचा. आणि सगळी यादी एकाच ठिकाणी राहते.

कोणाला पत्ता हवा

सगळ्यांना नको. ज्या यंत्राकडे घरातली इतर यंत्रं काही मागायला जातात, त्यालाच कायमचा पत्ता लागतो. म्हणजे प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा), फोटो आणि फाइली साठवायची नेटवर्कवरची हार्ड डिस्क, ज्या डेस्कटॉपवर फोल्डर शेअर केलेलं आहे तो. मोबाइल, टॅबलेट, टीव्ही, पाहुण्यांचे फोन यांना काय मिळेल ते मिळू दे.

आधी पत्ता वाटणारा डबा कोणता ते ओळखा

या पायरीवर घाई करू नका, कारण आपल्याकडच्या अनेक घरांत दोन डबे असतात. एक नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा, आणि दुसरा आपण विकत आणलेला वायफाय राऊटर. नोंद चुकीच्या डब्यात केली तर सगळं बरोबर भरूनही काहीच घडत नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज आणि त्यात हार्डवेअर अँड कनेक्शन प्रॉपर्टीज. या एकाच पानावर सगळं मिळतं. तुमच्या कॉम्प्युटरचा सध्याचा पत्ता 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' या ओळीत असतो, आणि राऊटरचा पत्ता 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीत. आयफोनवर वायफायच्या नावापुढच्या आय या चिन्हाला हात लावला की तीच गोष्ट 'राऊटर' या नावाने दिसते.

गेटवेचा आकडा बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. टीपी-लिंक आणि डी-लिंकच्या बऱ्याच राऊटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, नेटगिअरचा १९२.१६८.१.१, जिओफायबरच्या डब्याचा १९२.१६८.२९.१, आसुसच्या अलीकडच्या राऊटरचा १९२.१६८.५०.१. १९९६ सालच्या मानकानुसार ही मालिका खासगी वापरासाठी मोकळी ठेवलेली आहे, म्हणून तुमच्या प्रिंटरचा आणि शेजाऱ्यांच्या प्रिंटरचा पत्ता अगदी एकच असला तरी दोघांना एकमेकांचा त्रास होत नाही.

आता लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच डब्याच्या वायफायवर आहेत ना, ते बघा. लॅपटॉपला १९२.१६८.०.१०४ आणि प्रिंटरला १९२.१६८.२९.३५ असा पत्ता दिसत असेल, तर एक तुमच्या राऊटरवर आहे आणि दुसरा फायबरच्या डब्यावर. आरक्षण करून हे सुटणार नाही. आधी सगळ्यांना एकाच वायफायवर आणा. तुमच्या राऊटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तोही चांगला उपाय आहे; मग राऊटर नुसतं वायफाय पुरवतो, पत्ते फक्त फायबरचा डबा वाटतो आणि नोंदीही त्याच्यातच करायच्या. एका घरच्या नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारा एकच असावा, एवढं पाळा.

आकड्यांची आखणी

राऊटर उघडण्याआधी कागद घ्या. समजा गेटवे १९२.१६८.०.१ आहे आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, जो घरोघरी असतो. याचा अर्थ पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखेच राहणार. बदलायचा तो फक्त शेवटचा, तोही २ ते २५४ च्या दरम्यान. शून्य आणि २५५ वापरायचे नाहीत, आणि १ राऊटरचा.

माझी शिफारस अशी: १० ते १९ प्रिंटर आणि स्कॅनर, २० ते ३९ कॉम्प्युटर, ४० ते ५९ डीव्हीआर आणि कॅमेरे, ६० पासून पुढे हार्ड डिस्क वगैरे. १०० ते १९९ हा पट्टा राऊटरने ज्याला त्याला वाटायला सोडा. मधे जागा सोडली की नवं यंत्र आलं तर गट मोडत नाही, आणि आकडा पाहूनच तो कोणाचा ते कळतं.

राऊटर ज्या पट्ट्यातून वाटप करतो त्याला 'आयपी पूल' म्हणतात. राखीव आकडे या पट्ट्याच्या बाहेर असलेले बरे, म्हणजे तो आकडा आधीच दुसऱ्या कोणाकडे असण्याचा प्रश्न येत नाही. पण काही राऊटर पट्ट्याबाहेरचा आकडा स्वीकारत नाहीत आणि लाल अक्षरात चूक दाखवतात. तसं झालं तर पट्ट्यातलेच, त्या क्षणी कोणाकडे नसलेले, शेवटच्या टोकाचे आकडे घ्या. राखून ठेवलेला आकडा राऊटर दुसऱ्याला देत नाही, त्यामुळे बिघडत काही नाही.

मॅक अ‍ॅड्रेस : यंत्राची खरी ओळख

आकडा कोणासाठी राखायचा हे राऊटरला सांगायचं ते यंत्राच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून. तो बारा अक्षरांचा असतो, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहितात. उदाहरणार्थ ३सी-५२-८२-ए१-०बी-७ई. पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीच्या असतात, उरलेल्या तीन त्या यंत्राच्या. यात ० ते ९ आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. म्हणजे गोल दिसलं की तो शून्यच, इंग्रजी ओ कधीच नाही. स्टिकरवरून उतरवताना बी आणि ८ मात्र दोनदा तपासा. बारीक छपाईत ते दोघे फार सारखे दिसतात, आणि एक अक्षर चुकलं तर आरक्षण अशा यंत्राच्या नावावर होतं जे जगात कुठेतरी दुसरीकडेच आहे.

विंडोजमध्ये हा अ‍ॅड्रेस मघाच्याच पानावर 'फिजिकल अ‍ॅड्रेस' म्हणून दिसतो. प्रिंटरच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर असतो, आणि त्याच्या मेनूतून नेटवर्कचा अहवाल छापून घेतला तर त्यावरही येतो. मी अहवालच छापून घ्यायला सांगेन, कारण त्यावर सध्याचा पत्ताही असतो आणि तो कागद पुढे कामाला येतो.

दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं म्हणजे, एकाच लॅपटॉपला वायफायचा मॅक वेगळा आणि केबलचा वेगळा असतो. डेस्कटॉपला केबल लावली असेल तर इथरनेटवाला घ्या. प्रिंटर वायफायवर असेल तर वायरलेसवाला. दुसरं म्हणजे यंत्राने घेतलेला खोटा मॅक. कोणी आपला माग काढू नये म्हणून अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, मनाने तयार केलेला मॅक दाखवतात. विंडोजमध्येही 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' नावाची सोय आहे. ही सोय बाहेरच्या वायफायवर चांगलीच आहे, ती सरसकट बंद करू नका. ज्या यंत्रासाठी पत्ता राखायचा आहे त्याच्यावर, फक्त घरच्या वायफायपुरती बंद करा. ओळखायची खूण सोपी आहे: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असा मनाने घेतलेला आहे.

राऊटरमध्ये नोंद करणं

१. त्याच वायफायवरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा आणि वर, जिथे वेबसाइटचं नाव टाइप करतो तिथे, गेटवेचा आकडा लिहून एंटर करा. सुरक्षित नसल्याचा इशारा आला तरी तो तुमच्याच घरातला राऊटर आहे, पुढे जा.

२. लॉगिन करा. हा पासवर्ड वायफायचा नाही, राऊटरच्या व्यवस्थेचा आहे. तो डब्याखालच्या स्टिकरवर असतो किंवा बसवताना तुम्हीच ठरवलेला असतो. नेटवाल्याच्या डब्याचा पासवर्ड माहीत नसेल तर त्याला विचारा. अजूनही 'अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन' असाच असेल तर आज बदलून टाका.

३. आरक्षणाचं पान शोधा. टीपी-लिंकच्या आर्चर मालिकेत अ‍ॅडव्हान्स्ड, मग नेटवर्क, मग डीएचसीपी सर्व्हर, आणि त्या पानावर खाली 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'. नेटगिअरमध्ये हेच नाव लॅन सेटअपच्या पानावर सापडतं. आसुसमध्ये लॅन, डीएचसीपी सर्व्हर, आणि 'मॅन्युअल असाइनमेंट'. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरमध्ये टाकायची मोफत प्रणाली) वापरणाऱ्यांना 'स्टॅटिक लीजेस' हा शब्द शोधायचा आहे. टीपी-लिंकचा डेको किंवा गूगलचा वायफाय यांसारख्या संचांत हे काम ब्राउझरमधून नव्हे, मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून होतं. 'आयपी अँड मॅक बाइंडिंग' किंवा 'एआरपी बाइंडिंग' असं काही दिसलं तर थांबा. ती बहुतेकदा वेगळी, सुरक्षेची सोय असते. तिच्यात नोंद केल्याने पत्ता मिळत नाही.

४. 'अ‍ॅड' दाबा. जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून निवडायची सोय असेल तर तीच वापरा, मॅक टाइप करावाच लागत नाही. पण यादीतली नावं कधीकधी काहीही असतात, तेव्हा कागदावरचा मॅक पडताळून घ्या. मग ठरवलेला पत्ता भरा, समजा प्रिंटरसाठी १९२.१६८.०.१०, आणि वर्णनाच्या चौकटीत ओळखीचं नाव द्या. सेव्ह करा.

एका वेळी एकच यंत्र घ्या, तपासा, मग पुढचं. सगळी एकदम भरली आणि काही बिनसलं तर कोणत्या ओळीत चूक आहे ते शोधत बसावं लागतं.

पत्ता आला का

सेव्ह केल्याबरोबर काही बदलत नाही. प्रिंटरकडे अजून जुन्या भाड्याचा पत्ता आहे. तो बंद करून पुन्हा चालू करा. कॉम्प्युटर असेल तर वायफाय बंद-चालू केलं तरी पुरतं. मग प्रिंटरच्या स्क्रीनवर किंवा नव्याने छापलेल्या अहवालावर १९२.१६८.०.१० दिसतंय का ते बघा.

जुनाच आकडा दिसत असेल तर नोंद चुकीच्या डब्यात झाली आहे, किंवा मॅकचं एखादं अक्षर चुकलंय, किंवा वायफायऐवजी केबलचा मॅक भरला गेलाय. वायफाय रिपीटर (सिग्नल लांबवर पोचवणारा डबा) असेल तर त्याच्यामागून येणारं यंत्र राऊटरला वेगळ्याच मॅकने दिसू शकतं. तेव्हा राऊटरच्या यादीत दिसतो तो मॅक वापरा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रकरण निराळं आहे: यंत्राला राऊटरकडून उत्तरच मिळालं नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. केबल, वायफायचा पासवर्ड आणि राऊटरमधला डीएचसीपी सर्व्हर चालू आहे का, हे तिन्ही बघा.

पिंग करून, म्हणजे दुसरं यंत्र उत्तर देतं का ते आज्ञा देऊन, पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोजचा फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) बाहेरून आलेल्या पिंगला सहसा उत्तर देत नाही. डेस्कटॉपकडून उत्तर आलं नाही म्हणून आरक्षण फसलं असं समजू नका.

लॅपटॉपलाही नवा पत्ता सांगा

राऊटरमध्ये सगळं नीट झालं आणि तरी छपाई होत नाही, असं वाटून बरेच जण या टप्प्यावर सोडून देतात. लॅपटॉपमध्ये प्रिंटर आधी जोडलेला असतो तो जुन्या पत्त्यावर. विंडोजमध्ये त्या प्रिंटरच्या 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये जा, 'पोर्ट्स' उघडा, 'अ‍ॅड पोर्ट' दाबून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा आणि १९२.१६८.०.१० भरा. चाचणीचं पान छापा. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर एकदाच करायचं. शेअर केलेल्या फोल्डरसाठी फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि त्यापुढे डेस्कटॉपचा पत्ता लिहा, उघडलं की शॉर्टकट करून ठेवा.

डीव्हीआरचं थोडं वेगळं आहे. सीसीटीव्ही बसवणारे कारागीर त्यात पत्ता हाताने भरून जातात, तोही त्या वेळच्या राऊटरच्या मालिकेतला. पुढे इंटरनेटची कंपनी बदलली, १९२.१६८.१ ची मालिका जाऊन १९२.१६८.२९ ची आली, की डीव्हीआर नेटवर्कवरून गायब होतो. त्याच्या नेटवर्क मेनूत डीएचसीपी चालू करा आणि राऊटरमध्ये आरक्षण करा. कॅमेरे थेट डीव्हीआरच्या मागे लावलेले असतील तर त्यांच्या पत्त्यांना हात लावू नका.

याने काय होणार नाही

हा पत्ता घराच्या आतला आहे. बाहेरगावाहून घरचे कॅमेरे थेट बघायचे असतील तर नुसतं आरक्षण पुरत नाही. राऊटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर नेटवाल्याने एक बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून दिलेला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं) कितीही नीट केलं तरी बाहेरून घरात येता येणार नाही. तिथे डीव्हीआरच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा किंवा नेटवाल्याकडे स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या घरासाठीचा न बदलणारा बाहेरचा पत्ता, मागा. तो बहुधा जादा पैशांत मिळतो.

हे सगळं आयपीव्ही४, म्हणजे चार आकड्यांच्या पत्त्यांपुरतं आहे. तुमच्या कॉम्प्युटरला त्याशिवाय एखादा लांबलचक आयपीव्ही६ पत्ताही दिसेल. तो तसाच राहू द्या.

यादी जपून ठेवा

मागच्या छिद्रात टाचणी घालून राऊटर रीसेट केला, किंवा नेटवाल्याने डबा बदलून दिला, की सगळ्या नोंदी जातात. काम झालं की आरक्षणाच्या पूर्ण पानाचा फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा. राऊटरमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर' असेल तर त्याची फाइलही उतरवून घ्या. मात्र ती बहुधा त्याच मॉडेलवर चालते. राऊटर बदललाच तर नव्या राऊटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता जुन्यासारखाच, म्हणजे आपल्या उदाहरणात १९२.१६८.०.१, करून घ्या. वायफायचं नाव आणि पासवर्डही जुनेच ठेवा आणि फोटो पाहून नोंदी पुन्हा भरा. मग लॅपटॉपवर पोर्ट बदलत बसावं लागत नाही.